भिंतीवरची खिडकी

मिस्त्रीण म्हटलं की लोकांना वाटतं, असेल कुणा मिस्त्रीची बायको. तर तसं अजिबात नाही. मिस्त्री तीच. नवरा शाळेची बस चालवायचा, आणि त्याला घरच्या नळाचा वायसर बदलायला सांगितला तरी घाम फुटायचा. बटणांच्या कारखान्यातलं एकूण एक यंत्र मात्र हिच्या हाताखालून गेलेलं. तिच्या आधी तिचे वडील तिथं मिस्त्री होते. त्यांच्या मागे पाना घेऊन फिरता फिरता ही शिकली, आणि ते थकले तेव्हा त्यांचं काम आणि अवजारांची पेटी दोन्ही हिच्याकडे आलं. स्वभावही त्यांचाच आला. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की मग कुणी कितीही डोकं आपटा.

तर एके दिवशी मालकांनी सगळ्यांना पॉलिश खात्यात बोलावलं. पॉलिशची पिंपं बंद करायला लावली, तेव्हाच सगळे समजले की काहीतरी बिनसलंय, कारण ती पिंपं दिवसभर खडखडत असायची आणि त्यांचा आवाज बंद झाला की कान दुखायचे. मालक म्हातारे, कानाने जरा कमी, त्यामुळे एरवी ओरडून बोलायचे. त्या दिवशी हळू बोलले. कारखाना परदेशी हलवायचा ठरलाय, म्हणाले. तिकडच्या एका कंपनीशी भागीदारी झाली आहे, नवी यंत्रं जहाजाने जातील आणि इथलं काम थांबेल.

कुणीतरी विचारलं, आमची मजुरी जास्त होते म्हणून का? मालक म्हणाले, ते आहेच, खोटं कशाला बोलू. तिकडे मजुरी कमी, जागा स्वस्त, वीज जात नाही, सरकार पहिली काही वर्षं कर घेत नाही. पण तेवढ्यासाठी मी हललो नसतो. खरी गोष्ट अशी की शर्ट तिकडे गेले. इथे आजूबाजूला शर्ट शिवणारे होते, ते एकेक करून गेले, आणि आपली बटणं जहाजात बसून त्यांच्यामागे जायला लागली. आपली पेटी बंदरावर अडकलेली असते तोवर तिकडच्या शेजारच्या गल्लीतल्या बटणवाल्याने माल पोचवलेला असतो. शर्ट जिथं, बटण तिथं. एवढं बोलून त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि पुन्हा काढून पुसला.

लोक चिडले, रडले, दोघांनी शिव्याही घातल्या. मिस्त्रीणही चिडली. इतकी चिडली की घरी जाऊन तिने कणीक आपटून आपटून मळली, आणि पोळ्या इतक्या मऊ झाल्या की नवऱ्याने दोन जास्त खाल्ल्या. पण जेवताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मालक म्हणाले होते, नवी यंत्रं जातील. मग म्हातारीचं काय?

म्हातारी म्हणजे कारखान्यातलं पहिलं भोकं पाडायचं यंत्र. बटण होतं कसं, तर आधी प्लास्टिकच्या कडक पत्र्यातून गोल चकत्या कापतात, मग प्रत्येक चकती दोन जबड्यांत धरून तिला भोकं पाडतात, आणि मग पिंपात घालून चमकवतात. नवी यंत्रं, म्हणजे म्हातारीनंतर वडिलांनी बसवलेली, चकती धरून भोकं आपली आपण पाडायची. म्हातारीला मात्र पायाने दाबावं लागे आणि एकेक चकती हाताने भरवावी लागे. ती कोपऱ्यात असायची. एखाद्याच्या कोटाचं बटण हरवलं, नाटकवाल्यांना मूठभर विचित्र रंगाची बटणं हवी झाली, की मिस्त्रीण तिच्यावर बसायची. असली गिऱ्हाईकं मोठ्या ऑर्डरीपुढे कुणाला नको असायची, पण ती कधी संपली नाहीत. शर्ट परदेशी गेले तरी माणसांच्या अंगावरचे कपडे इथंच होते आणि त्यांची बटणं रोज तुटत होती. हे तिच्या डोक्यात आलं आणि तिने चंग बांधला.

दुसऱ्या दिवशी ती मालकांच्या केबिनमध्ये गेली आणि सरळ म्हणाली, "म्हातारी मला द्या."

मालकांना वाटलं, आठवण म्हणून हवी असेल. घरात शोभेला ठेवणार का, त्यांनी हसून विचारलं. ती म्हणाली, शोभेला माझ्या घरात माझी नणंद आहे. मला बटणं करायची आहेत.

मालकांचं हसू गेलं. त्यांनी तिला बसवून घेतलं आणि अडचण सांगितली. भागीदारांनी लिहून घेतलं होतं की इथं एकही यंत्र चालू राहता कामा नये. जे जहाजात जाणार नाही ते मोडून भंगारात घालायचं. मिस्त्रीण म्हणाली, पायाने दाबायच्या यंत्राला एवढी मोठी कंपनी घाबरते? मालक म्हणाले, कंपनी घाबरत नाही, कंपनीचे वकील घाबरतात. तरी पण ती उठेना. शेवटी त्यांनीच वाट काढली. तू नवी यंत्रं सोडव, खुणा करून बांध, तिकडे ती बिनतक्रार चालू दे. ती चालली, की मी त्यांना फोन करून एक म्हातारी मागून घेईन, तेव्हा माझ्या शब्दाला वजन असेल. तिकडे बिघडलं तर मी कुठल्या तोंडाने मागू? आणि इमारत विकली आहे, हे सगळं तिचा ताबा नव्या मालकाला द्यायच्या आत व्हायला हवं. ताब्याच्या दिवशी भंगारवाला येईल आणि आत उरलेलं सगळं घेऊन जाईल.

ती कबूल झाली.

मग सुरू झालं यंत्रं सोडवायचं काम, आणि त्याबरोबर टोमणे. आपल्याच तोंडचा घास आपल्याच हाताने बांधून पाठवतेस का, असं ज्याने त्याने विचारून घेतलं. एकाने तर जवळ येऊन सुचवलं, एखादा नट ढिला ठेव की, तिकडे कळेल त्यांना. त्यावर मिस्त्रीण एवढंच म्हणाली की माझ्या वडिलांनी बसवलेल्या यंत्रातला नट मी ढिला ठेवणार नाही, मग ते चंद्रावर का जाईना. नणंद, म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण, पॉलिशच्या पिंपांवर होती. तिच्या तोंडाचा पट्टा सगळ्यांत जोरात चालला. वहिनी, तू त्या परक्या बायकांना आयतं ताट वाढतेस, असं ती रोज डबा उघडला की म्हणायची. मिस्त्रीण ऐकून घ्यायची आणि तिच्या डब्यातलं लोणचं उचलायची. बिनपैशाची करमणूक होती ती, असं नंतर ती सांगायची, पण त्या वेळी तिलाही ते लागायचं. एकदा ती बोलली, की बाई, त्या बायकांना कुणीतरी कामाला बोलावलं आणि त्या आल्या. तू नाही का आलीस? मग नणंदेने विषय बदलला, निदान त्या जेवणापुरता.

आता खुणांचं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला. त्या कारखान्यात डावं-उजवं कुणी म्हणतच नसे. यंत्र चालवणारी बाई पुढे बसायची आणि मिस्त्री दुरुस्तीला मागे उभा राहायचा, त्यामुळे एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं. यावरून पूर्वी एकदा कुणाचं तरी बोट जाता जाता राहिलं. तेव्हापासून मिस्त्रिणीच्या वडिलांनी नियम केला: खिडकी आणि भिंत. कारखाना लांबलचक होता, यंत्रं एका ओळीत, एका अंगाला ओळीने खिडक्या, दुसऱ्या अंगाला सलग भिंत. पुढून बघा, मागून बघा, खिडकी ती खिडकीच. खिडकीकडचा जबडा आवळ, भिंतीकडचा सोड. नवीन आलेली पोरगीसुद्धा दुपारपर्यंत तसं बोलायला लागायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की लोक घरीसुद्धा खिडकीकडचा मोजा म्हणायचे.

तर मिस्त्रिणीने प्रत्येक यंत्राचे जबडे काढले, तेलकट कागदात गुंडाळले, आणि रंगाने यंत्राचा आकडा घालून खिडकी किंवा भिंत लिहिलं. दोन्ही जबडे दिसायला सारखे. पण वर्षानुवर्षं घासून, खाली पातळ पत्र्या घालून ते असे जुळवलेले की अदलाबदल केली तर चकती तिरकी धरली जाणार आणि भोक पडताना तडकणार. मॅनेजर होता तरुण, हुशार पोरगा. त्याला तिकडची भाषा येत होती. त्याने प्रत्येक खुणेशेजारी तिकडच्या भाषेत चिठ्ठी चिकटवली, खिडकीला खिडकी आणि भिंतीला भिंत. दोघांनाही वाटलं, काम चोख झालं. पेट्या गेल्या, पाठोपाठ मॅनेजर गेला, आणि कारखान्यात यंत्रांच्या जागी तेलाचे चौकोनी डाग राहिले.

मग नुसती वाट बघणं. मिस्त्रीण रोज यायची, झाडझूड करायची, म्हातारीला तेल द्यायची. घराशेजारी नवऱ्याची एक शेड होती, पूर्वी त्यात तो जुनी मोटारसायकल ठेवायचा. ती तिने रिकामी करून घेतली. मोटारसायकल विकताना त्याचा चेहरा बघवत नव्हता, पण गिऱ्हाईक त्यानेच शोधून आणलं. नणंदेने कुठूनतरी एक जुनं पिंप मागून आणलं. आयतं ताट वाढतेस म्हणणारी हीच, आता पॉलिश मी करणार म्हणून आधीच भांडायला लागली होती.

ताब्याचा दिवस उजाडला तरी तिकडून निरोप नाही. सकाळी भंगारवाल्याचा ट्रक दारात लागला. त्याची दोन माणसं घण घेऊन आत आली आणि नेमका त्याच वेळी केबिनमध्ये मालकांचा मोबाइल वाजला. मालकांनी तो ऐकला, आणि बाहेर येऊन फोन मिस्त्रिणीच्या हातात दिला. त्यांचा चेहरा पडला होता.

फोनवर मॅनेजर होता. आवाज रडवेला. म्हणाला, अर्धी यंत्रं झकास चालताहेत आणि अर्धी नुसता चुरा करताहेत. इथल्या मिस्त्रीबाईने सगळं चिठ्ठ्यांप्रमाणे बसवलंय, मी स्वतः तपासलंय. भागीदार उद्या बघायला येणार आहेत आणि इथं टोपल्या भरून तडकलेल्या चकत्या पडल्यात.

 मिस्त्रीण फोन घेऊन म्हातारीच्या स्टुलावर जाऊन बसली आणि घणवाल्यांना म्हणाली, "मी उठेपर्यंत हिला हात लावायचा नाही."

ते मालकांकडे बघायला लागले. मालक छताकडे बघायला लागले. तेवढ्यात नणंदेने चहा पुढे केला, आणि त्याबरोबर आपल्या पाठदुखीची साद्यंत हकिकत सुरू केली. नणंदेची हकिकत एकदा सुरू झाली की मध्ये उठून जाणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

इकडे मिस्त्रीण एकेक विचारत गेली. बिघडलेली कुठली आणि चालणारी कुठली? मॅनेजर म्हणाला, इथं दोन ओळी आहेत, एक या भिंतीला, दुसरी समोरच्या भिंतीला. या ओळीतली सगळी चालतात, त्या ओळीतली सगळी बिघडलीत. तोंडं कुठं आहेत यंत्रांची? सगळ्यांची एकाच दिशेला, दरवाजाकडे. मग भिंतीकडचा जबडा कुठं बसवला? भिंतीकडे, मॅनेजर म्हणाला, दोन्ही ओळींत, ज्याच्या त्याच्या भिंतीकडे.

मिस्त्रिणीने बोटाने हवेत दोन ओळी आखून बघितल्या. मग तिने विचारलं, "आणि खिडकी कुठं आहे तिथं?"

"खिडकी नाहीच इथं," मॅनेजर म्हणाला. "वर दिवे आहेत. खिडकी कशाला लागते?"

तिने कपाळावर हात मारून घेतला, आणि लगेच तिला हसूही आलं. आयुष्यभर ज्या दोन शब्दांवर कारखाना चालवला ते दोन शब्द तिने जहाजातून पाठवले, पण खिडकी काही पाठवली नाही. सगळ्या जगात कारखान्याला एका अंगाला खिडकी असणारच, असं तिने गृहीत धरलं होतं. चूक तिचीच होती. तिने ती मॅनेजरला स्पष्ट सांगितली, म्हणजे तिकडच्या मिस्त्रीबाईच्या माथी कुणी मारू नये.

मॅनेजरला घाई झाली. म्हणाला, मग सोपं आहे, त्या ओळीतले जबडे उलटे करतो, आणि सगळ्या चिठ्ठ्या काढून डावं-उजवं लिहून टाकतो. मिस्त्रीण जवळजवळ ओरडली की खबरदार. डावं कुणाचं, बसणारीचं का मागे उभ्या राहणारीचं? आज तू आहेस म्हणून जमेल. उद्या तू परत येशील आणि कुणाचं तरी बोट जाईल. मग तिने सांगितलं, "बिघडलेली ओळ ज्या भिंतीला आहे ना, त्या भिंतीवर खिडकी काढ. रंगाने. चांगली मोठी, दुरून दिसेल अशी. मग दोन्ही ओळींतला खिडकीकडचा जबडा तिच्याकडेच बसव."

तो म्हणाला, लोक हसतील. ती म्हणाली, हसू दे, हसायला काय पैसे पडतात? मॅनेजरने तिकडच्या बाईला तिच्या भाषेत सांगितलं. थोडा वेळ नुसती खुसफुस ऐकू आली, मग कुणीतरी खरंच हसलं, मग रंगाचा डबा उघडल्याचा आवाज आला. मॅनेजर परत फोनवर आला आणि जरा ओशाळून म्हणाला, मिस्त्रीबाई विचारताहेत, खिडकीतून काय दिसायचं? नुसता चौकोन काढला तर लोकांना ते कपाट वाटेल.

मिस्त्रिणीने मान वळवून बघितलं. म्हातारीच्या शेजारच्या खिडकीतून पाण्याची उंच टाकी दिसत होती, गंजलेली, तिला एका बाजूने लोखंडी शिडी. कित्येक वर्षं तिने ती रोज बघितली होती आणि कधी लक्ष देऊन बघितली नव्हती. आता इमारतीबरोबर तीही पाडणार होते. पाण्याची टाकी, तिने सांगितलं. आणि टाकीला शिडी.

त्यानंतरचा वेळ सरता सरेना. तिने फोन ठेवलाच नाही. तिकडे पाने वाजत होते, नट पडत होते, मध्येच मॅनेजर विचारायचा की पातळ पत्री वर का खाली, आणि ती डोळे मिटून बोटांनी हवेत करून बघायची आणि सांगायची. नवरा बसची सकाळची फेरी संपवून आला आणि दारात ट्रकसमोर बस अशी आडवी लावून उभा राहिला की ट्रकला हलायला जागा नाही. ड्रायव्हरने भोंगा वाजवला तर म्हणाला, गरम झालीय गाडी, थंड होऊ द्या. नणंदेची हकिकत पाठीवरून गुडघ्यांवर आली होती.

मग तिकडे एक यंत्र सुरू झालं. दुसरं सुरू झालं. मिस्त्रीण श्वास रोखून ऐकत होती. तडकायचा आवाज तिला चांगला माहीत होता, आणि तो येत नव्हता. पूर्ण ओळ सुरू झाली तेव्हा तिने उठून फोन मालकांच्या कानाला लावला. त्यांना कमी ऐकू येत असलं तरी या आवाजाला त्यांचा कान तयार होता. ते खूप वेळ ऐकत राहिले. रिकाम्या कारखान्यात उभे राहून आपला कारखाना ऐकत होते बिचारे.

"चालतोय," ते म्हणाले. मग त्यांनी केबिनमध्ये जाऊन भागीदारांना फोन लावला. काय बोलणं झालं ते सगळं कळलं नाही, पण वकिलांना काय वाटायचं ते वाटू दे, असं ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. बाहेर येऊन त्यांनी घणवाल्यांना सांगितलं, ही सोडून बाकीचं न्या. घणवाले बिचारे म्हातारीला उचलून दारापर्यंत आणायलाही लागले. नणंदेच्या तावडीतून सुटायला ते काहीही करायला तयार होते.

म्हातारी शेडमध्ये आली तेव्हा आणखी एक गंमत झाली. शेडला एकही खिडकी नव्हती. नवरा हसत म्हणाला, आण रंग, काढू आपणही एक. मिस्त्रिणीने भिंतीवर हात फिरवला, बोटांनी ठोकून बघितलं आणि म्हणाली, "चित्र नको. भिंत आपली आहे, फोडू."

त्यांनी ती फोडली. गवंड्याने चौकट बसवली, जराशी तिरकी, पण उजेड भरपूर आला. म्हातारीचा खिडकीकडचा जबडा खिडकीकडे आला. पहिलं काम आलं ते एका शिंप्याचं, कोटाची तपकिरी बटणं, आणि मिस्त्रिणीने पायाने दाबून पहिलं भोक पाडलं तेव्हा नणंद पिंपाशेजारी अशी उभी होती, की तिलाच बटण व्हायचं होतं जणू.

काही दिवसांनी मॅनेजरने फोटो पाठवला. कारखान्याची पांढरी भिंत, तिच्यावर निळ्या रंगात मोठी खिडकी, दोन्ही दारं उघडी. आत पाण्याची टाकी. शेजारी तिकडची मिस्त्रीबाई हातात पाना घेऊन उभी, गालाला निळा रंग लागलेला. खऱ्या टाकीचं एव्हाना भंगार झालं होतं, कालच तिचे तुकडे ट्रकमधून जाताना तिघांनी बघितले होते.

नणंदेने फोन हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला, लांब धरून बघितला आणि नाक मुरडलं. शिडी उलट्या बाजूला काढलीय, म्हणाली.

मिस्त्रिणीने फोटो परत एकदा बघितला. शिडी खरंच उलट्या बाजूला होती.

"असू दे," ती म्हणाली. "तिच्या बाजूने बरोबर असेल."

आणि तिने नवी चकती जबड्यात धरली.